चूल एक की दोन?

माणसांची घरे मोजण्याची आपल्याकडे एक जुनी रीत आहे. भिंती मोजायच्या नाहीत, दारे मोजायची नाहीत, चुली मोजायच्या. एका वाड्यात तीन चुली पेटत असतील तर ती तीन घरे, आणि दोन झोपड्यांतील माणसे एकाच चुलीवरचे जेवत असतील तर ते एक घर. ही रीत केवळ खेडवळ नव्हे. आपल्या देशाची जनगणनाही कुटुंबाची व्याख्या अशीच करते : सामान्यतः एकत्र राहणारी व एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. ही व्याख्या आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यावर कधी विचार करावा लागेल असे वाटले नव्हते. तिच्याच आधाराने आमच्या घरातील एका अपंग माणसाला शासनाचा ऋणको ठरवले जाईल, हे तर स्वप्नातही आले नव्हते. २०२५ च्या श्रावणात ते घडले. त्यातून जे शिकलो ते आपल्या वाचक कुटुंबांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे वास्तव्य इटियाडोहच्या परिसरातले. गाढवी नदीवरचे हे मातीचे धरण १९७० च्या सुमारास पूर्ण झाले. त्या वेळी हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. धरणाच्या एका अंगाला साग-मोहाचे रान, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. इथले पाणी कालव्यांनी वडसा-आरमोरीच्या पट्ट्यापर्यंत जाते. जवळच गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. देशोधडीला लागलेल्या माणसांना या मातीने ठाव दिला, तसा आमच्या वडिलांनाही दिला. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून ते गवंडीकामाचे मिस्त्री म्हणून धरणाच्या कामावर आले आणि काम संपल्यावर परत गेले नाहीत. मराठी बोलणारे ख्रिस्ती कुटुंब म्हणून आम्ही येथे एकटेच असू; परंतु झाडीपट्टीची माणसे पाहुण्याला फार दिवस पाहुणा राहू देत नाहीत. रोवणीला हात लावला की माणूस गावचा होतो.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे गाव 'दादा' म्हणते, ते त्या वेळी तीन वर्षांचे होते. १९६५ सालच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा उजव्या पायातील बळ घेऊन उतरला. पोलिओ हा शब्द मजुरांच्या त्या वस्तीत कोणाला माहीत नव्हता. देशाच्या लसीकरण कार्यक्रमात पोलिओची लस आली ती १९७९ च्या सुमारास. घरोघरच्या 'पल्स पोलिओ' मोहिमेला १९९५ साली आरंभ झाला. देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या दिवशी रेडिओवर ती बातमी ऐकून दादा म्हणाले होते, "चला, माझ्यामागे आता रांग नाही." एवढेच बोलून ते हातातल्या घड्याळाकडे वळले.

घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय. आठवडी बाजारात एक लाकडी पेटी, डोळ्याला भिंग आणि समोर पोत्यावर मांडलेली लोकांची वेळ. मोबाइल आल्यावर लोकांची वेळ खिशात गेली आणि पेटीला हळूहळू कुलूप लागले. लग्न त्यांनी केले नाही. आईवडील गेल्यावर ते आमच्यासोबत राहिले, म्हणजे खरे तर आम्हीच त्यांच्यासोबत राहिलो; कारण घराचा तो कोपरा, ती खाट आणि ती खिडकी त्यांचीच होती. आमच्यापैकी एकाला शिक्षकाचे निवृत्तिवेतन आहे. त्यावर घर चालते. शिधापत्रिका एकच, केशरी रंगाची, आणि तिच्यावर चार नावांच्या खाली दादांचे नाव.

आता योजनेविषयी. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. आधार नसलेल्या विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजाराने पीडित माणसे आणि अपंग यांना दरमहा काही रक्कम द्यावी, हा तिचा हेतू. अपंगत्व निदान ४० टक्के असावे लागते, वय पासष्टच्या आत असावे लागते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न मर्यादेत असावे लागते. सर्वसाधारण मर्यादा २१,००० रुपये. अपंगांसाठी ती पुढे वाढवण्यात आली, तरी कोणत्याही पगारदार घराने ती सहज ओलांडावी अशीच ती आहे. अनुदान २०१९ पर्यंत महिना ६०० रुपये होते, मग १,००० झाले, जुलै २०२३ पासून १,५०० झाले आणि अपंगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० करण्यात आले. ही भीक नव्हे. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याची तरतूद करावी, असे राज्याला मार्गदर्शन आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर अपंगांना मिळणारे साहाय्य तशाच इतर योजनांपेक्षा निदान पंचवीस टक्क्यांनी अधिक असावे असे म्हटले आहे. शासन आता 'दिव्यांग' म्हणते. दादा स्वतःला 'लंगडा' म्हणतात, आणि दुसऱ्या कोणी म्हटले तर रागावतात. दोन्ही हक्क त्यांचेच आहेत.

तर त्या श्रावणात एक लिफाफा आला. आत एक पानाची नोटीस. तिचा आशय असा की, आपण अपात्र असताना योजनेचा लाभ घेतल्याचे पडताळणीत निदर्शनास आले आहे. आपल्या शिधापत्रिकेवरील सदस्यास निवृत्तिवेतन मिळते. सबब जुलै २०२० ते जून २०२५ या कालावधीत अदा झालेली ७२,००० रुपये रक्कम शासनजमा करावी, अन्यथा ती जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करण्यात येईल. आपले म्हणणे मांडावयाचे असल्यास अमुक दिवशी कागदपत्रांसह समक्ष हजर राहावे. नोटीस कोणत्या कचेरीतून आली हे सांगण्याचे प्रयोजन नाही. तिथली माणसे दुष्ट नव्हती, आणि अशी नोटीस कोणत्याही कचेरीतून येऊ शकते.

हिशेब अंकगणिताच्या दृष्टीने अचूक होता. छत्तीस महिने हजार रुपयांप्रमाणे छत्तीस हजार, आणि चोवीस महिने दीड हजारांप्रमाणे छत्तीस हजार. दादांनी स्वतः तो कागदावर मांडून पाहिला व म्हणाले, "गणित बरोबर आहे. उत्तर चूक आहे." मग त्यांनी दुसरे गणित मांडले. दरमहा दीड हजार कापून घेतले तर फेडायला अठ्ठेचाळीस महिने लागतील. तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट असेल. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्याच्याकडून जमीन महसुलाची थकबाकी कशी वसूल करणार, या प्रश्नावर ते दिवसभर हसत होते. रात्री मात्र त्यांच्या खाटेची करकर बराच वेळ ऐकू येत होती.

त्या नोटिशीतील एक शब्द आम्हांला फार लागला. तो म्हणजे 'अपात्र'. पात्र म्हणजे भांडे. ज्यात काही घालता येईल असे काही. शासनाच्या भाषेत पात्र-अपात्र हे शब्द रोज शेकड्यांनी वापरले जातात आणि लिहिणाऱ्याच्या मनात त्यांचा काही डंख नसतो. परंतु साठ वर्षे एका पायावर उभ्या असलेल्या माणसाने स्वतःच्या नावापुढे तो शब्द छापलेला वाचणे, ही वेगळी गोष्ट आहे.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक येऊन धीर देऊ लागले आणि धीराबरोबर सल्लाही. सल्ला एकच होता आणि तो देणारे आमच्या हिताचेच होते. "सर, काहाले डोक्याला ताप करता? काकाजींची शिधापत्रिका वेगळी काढा. पडवीत एक शेगडी मांडा, चार भांडी ठेवा. चौकशीला आले की सांगा, चूल वेगळी आहे. साऱ्या तालुक्यात असंच चालते." एकाने तर शेगडी आणून ओटीवर ठेवलीही.

हा सल्ला उडवून लावणे सोपे नव्हते. आमच्यातच दोन मते पडली. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, कागदावर वेगळी चूल दाखवणे हे असत्य आहे आणि असत्याच्या आधारावर मिळालेले अनुदान आज ना उद्या पुन्हा नोटीस होऊन परत येईल. एकीचे म्हणणे असे की, सत्य-असत्याचा प्रश्न पोट भरलेल्यांना सुचतो. भाऊजींना मिळणारे ते पैसे आहेत म्हणून ते या घरात ताठ बसतात. काठीचे रबर झिजले, बाम संपला, शेजारच्या पोराला गोळी-बिस्किट द्यायचे, देवळात दान टाकायचे, तर त्यांना कोणाकडे हात पसरावा लागत नाही. आपण त्यांना जेवण देतो ते आपले प्रेम आहे. पण प्रेमाने दिलेल्या घासालाही घेणाऱ्याच्या बाजूने वजन असते. ते वजन त्या दीड हजारांनी हलके होते. तेवढ्यासाठी एक शेगडी खोटी ठरली तर कोणाचे काय गेले?

दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. त्यामुळे वाद मिटेना. शेवटी तो दादांनी मिटवला. त्यांनी ओटीवरची शेगडी उचलून ज्याची त्याला परत पाठवली आणि म्हणाले, "कागदावर का होईना, एकदा मी वेगळा जेवलो तर उद्या मेल्यावर माझा स्वयंपाक कोणत्या चुलीवर करायचा, याचीही चौकशी होईल. मी वेगळा जेवत नाही. हेच सांगायचं." या घरातील सर्वांत कमी बोलणारा माणूस इतके बोलला, तेव्हा पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

मग आम्ही कामाला लागलो. प्रथम लेखी उत्तर दिले. त्यात रक्कम मान्य वा अमान्य असे काही न लिहिता तीन गोष्टी मागितल्या : कोणत्या नियमाखाली अपात्र ठरवले त्याची प्रत, पडताळणीच्या अहवालाची प्रत आणि महिनावार हिशेब. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतला. काही कागद माहितीच्या अधिकाराखाली, म्हणजे २००५ च्या कायद्याने मागवले. त्यात दादांनी वर्षानुवर्षे दिलेले हयातीचे दाखले निघाले, आणि त्या प्रत्येकासोबत शिधापत्रिकेची छायाप्रत जोडलेली निघाली. त्याच केशरी पत्रिकेची, चार नावांखाली दादांचे नाव असलेली. जे लपवल्याचा संशय होता ते दरवर्षी कचेरीच्या हातात स्वतः नेऊन दिलेले होते. महिन्यातून एकदा येणारे फादर त्या दिवशी घरी होते. ती कागदांची चळत पाहून ते म्हणाले, "तुमच्या दादांनी लपवले काहीच नाही, फक्त कोणी वाचले नाही."

आणखी एक गोष्ट आम्ही या निमित्ताने शिकलो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, मग तिचे उत्पन्न काहीही असो. जिल्ह्याच्या न्यायालयात त्याचे कार्यालय असते. तेथील वकीलबाईंनी आम्हांला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांविषयी सांगितले. १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, खालच्या श्रेणीतील किंवा निवृत्त कर्मचाऱ्याला कार्यालयाच्याच चुकीने जादा वेतन दिले गेले असेल, तर ते वसूल करणे अन्यायाचे ठरते. २०२२ साली केरळातील थॉमस डॅनियल नावाच्या शिक्षकाच्या प्रकरणात तेच तत्त्व पुन्हा मांडले गेले. मात्र वकीलबाईंनी लगेच सावधही केले : हे निकाल नोकरदारांच्या वेतनाचे आहेत, अनुदानाच्या लाभार्थ्यांना ते जसेच्या तसे लागू होतील असे समजू नका. पण त्यांच्या मुळाशी जी साधी जाणीव आहे ती मांडायला कोणाची हरकत नाही. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने काही न लपवता घेतले आणि खर्चून टाकले. आता अनेक वर्षांनी ते ओढून काढताना घेणाऱ्याच्या अंगाचे काय होईल, हेही पाहावे लागते.

दसऱ्यानंतर चौकशीचा दिवस आला. कचेरी वरच्या मजल्यावर. जिन्याला कठडा होता, पण पायऱ्या उंच. दादांनी वर पाहिले आणि पायरीवर बसून घेतले. बसल्या बसल्या हातांवर भार देऊन चढण्याची त्यांची जुनी पद्धत आहे. तेवढ्यात कोणीतरी वर निरोप दिला असावा. ज्यांच्यासमोर जबाब द्यायचा ते अधिकारी, वयाने आमच्या मुलाएवढे, फाईल काखेत घेऊन स्वतः खाली आले. व्हरांड्यात एक बाक ओढून त्यांनी दादांना बसवले आणि समोर स्वतः बसले. त्या एका कृतीने आमचे अर्धे भय गेले.

जबाब मोजक्या प्रश्नांचा होता.

"काकाजी, शेतीवाडी?"

"नाही साहेब."

"दुकान आहे म्हणतात तुमचं."

"पेटी आहे. घड्याळं येत नाहीत."

"चूल वेगळी आहे का एकच?"

"एकच."

अधिकाऱ्यांनी लेखणी थांबवून वर पाहिले. कदाचित या प्रश्नाला त्यांना रोज दुसरे उत्तर ऐकायची सवय असावी. त्यांनी पुन्हा विचारले, "म्हणजे तुमचा सारा खर्च भाऊ करतात?"

"जेवू घालतात साहेब. पगार नाही देत."

"मग अनुदानाच्या पैशाचं तुम्ही काय करता?"

दादा थोडे घुटमळले. मग म्हणाले, "काठी, औषध, बाजार. आणि दर महिन्याला शंभर रुपये भावजयीच्या डब्यात टाकतो. तेलमिठाचे."

तांदळाच्या डब्याशेजारच्या त्या लहान डब्यात दर महिन्याला एक नोट दिसते, हे आम्हांला ठाऊक होते. तिच्याविषयी घरात कधी कोणी बोलले नव्हते. ती नोट उचलून वेगळ्या पाकिटात ठेवली जाते आणि त्यातूनच दरवर्षी नाताळात दादांना सदरा होतो, हेही कोणी बोलले नव्हते. सरकारी जबाबात त्या शंभर रुपयांची नोंद झाली. अधिकाऱ्यांनी जबाब वाचून दाखवला, दादांनी सही केली. त्यांचे अक्षर घड्याळजीचे, बारीक आणि सुबक आहे.

आदेश येईपर्यंतच्या दिवसांत आम्ही जगात इतरत्र काय घडते ते वाचून पाहिले; कारण दुःख आपल्या एकट्याच्या वाट्याचे नाही असे कळले की ते वाहायला सोपे होते. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून शासनाने यंत्राकडून हिशेब करवला : माणसाचे वर्षाचे उत्पन्न घ्यायचे, त्याचे पंधरवड्यांवर सारखे भाग पाडायचे आणि ज्या पंधरवड्यात तो खरोखर बेकार होता त्यातही त्याने कमावलेच असे धरून त्याच्यावर कर्ज लावायचे. चार लाखांहून अधिक लोकांवर असे खोटे कर्ज बसले. २०१९ साली न्यायालयात ही रीत बेकायदा ठरली आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने तिचे वाभाडे काढले. नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या भत्त्यासंबंधी कागदातील किरकोळ त्रुटींवरून पालकांकडून सबंध वर्षांच्या रकमा वसूल केल्या गेल्या, हजारो घरे देशोधडीला लागली, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रश्नावर तेथील सरकारने राजीनामा दिला. ब्रिटनमध्ये आजारी वा अपंग आप्ताची सेवा करणाऱ्यांना भत्ता मिळतो. आठवड्याची कमाई मर्यादेपेक्षा एका पौंडाने जरी वाढली तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता परत मागितला जाई. अशी थकबाकी वर्षानुवर्षे साचू देऊन मग एकदम मागितली गेल्याने इतका असंतोष झाला की २०२४ साली तेथील शासनाला स्वतंत्र समीक्षा नेमावी लागली. आपल्याकडेही पीएम किसान योजनेत प्राप्तिकर भरणाऱ्या शेतकऱ्यांना रक्कम परत करण्याच्या नोटिसा गेल्या आहेत.

या साऱ्यांत एक धागा समान दिसतो. दोन वह्या शेजारी ठेवल्या, त्यांतील आकडे जुळले नाहीत, आणि माणसाला न विचारता माणूस खोटा ठरवला. पडताळणी होऊच नये, असे आम्ही म्हणणार नाही. खोटी प्रमाणपत्रे घेऊन खऱ्या अपंगाच्या तोंडचा घास पळवणारे आहेत, आणि त्यांना शोधणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. परंतु वहीने संशय घ्यावा आणि माणसाने निर्णय द्यावा, हा क्रम सुटता कामा नये. इटियाडोहच्या धरणातही पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी आहे. तिच्यावरचा आकडा पाहिल्याशिवाय दारे उघडत नाहीत हे खरे, पण आकडा पाहून खाली कोणाची बांधी आहे, कोणाचा धान कापून पडला आहे, याचा विचार माणसालाच करावा लागतो.

नाताळाच्या आधी आदेश आला. मजकूर दीड पानाचा. त्यात म्हटले होते की, लाभार्थी अविवाहित असून त्याचे स्वतःचे उत्पन्न नाही. भावाने स्वेच्छेने केलेला सांभाळ हे लाभार्थ्याचे उत्पन्न मानता येत नाही. लाभार्थ्याने कोणतीही माहिती दडवल्याचे दिसून येत नाही. सबब वसुलीची नोटीस रद्द करण्यात येत आहे व अनुदान पुढे चालू ठेवावे. मधल्या ज्या महिन्यांचे अनुदान रोखून धरले होते त्याविषयी आदेशात एक शब्दही नव्हता. त्यासाठी आम्ही नवा अर्ज दिला आहे, त्याचा आवक क्रमांक जपून ठेवला आहे आणि वाट पाहत आहोत. दादांनी आदेश दोनदा वाचला, घडी घालून पेटीत भिंगाशेजारी ठेवला आणि विचारले, "यात 'अपात्र' शब्द मागे घेतला असं कुठं लिहिलंय?" तसे कोठे लिहिलेले नव्हते. नोटिसा रद्द होतात. शब्द रद्द होत नाहीत.

या अनुभवावर विचार करताना कफर्णहूमच्या त्या घराची आठवण होते. पक्षघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चौघांनी उचलून आणले, दारात गर्दी पाहून छप्पर उघडले आणि त्याला प्रभूच्या पुढ्यात खाली सोडले. ते चौघे त्याचे कोण होते, हे सांगितलेले नाही. ते एका चुलीवर जेवत होते की चार, याची कोणी चौकशी केली नाही. उचलणारे हात आहेत म्हणून हा निराधार नाही, असे कोणी त्याला म्हटले नाही. आजच्या व्यवस्थेत मात्र हेच घडण्याचा धोका आहे. ज्या अपंगाला घरच्यांनी टाकून दिले तो पात्र, आणि ज्याला घरच्यांनी पोटाशी धरले तो अपात्र, असा नियमाचा अर्थ लागू लागला, तर माया करणे हाच दंडनीय अपराध होईल आणि गावोगाव पडव्यांत खोट्या शेगड्या मांडल्या जातील. निराधार म्हणजे ज्याला भाऊ नाही तो, की ज्याच्या हातात स्वतःचे असे काही नाही तो? या प्रश्नाचे उत्तर योजनांच्या कागदावर स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. एका घरात सांभाळली जाणारी अपंग व्यक्ती हे स्वतंत्र एकक मानावे, तिचे स्वतःचे उत्पन्न पाहावे, इतकी साधी मागणी आपल्या धर्मग्रामांतूनही पुढे यायला हवी. कारण असे एखादे दादा, एखादी मावशी, एखादी आत्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी खिडकीशी बसलेली आहे.

तोवर आपण आपल्या घरापुरते काही करू शकतो. अपंगत्वाचे प्रमाणपत्र, शिधापत्रिका, हयातीचे दाखले व बँकेचे पुस्तक यांच्या प्रती एका पिशवीत ठेवाव्यात आणि ती पिशवी कोठे आहे हे घरात दोघांना तरी माहीत असावे. दरवर्षी जे कागद देतो त्यांची पोच घ्यावी. नोटीस आली तर ती लपवू नये, फाडू नये आणि घाबरून पैसेही भरू नयेत. मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि नियम, अहवाल व हिशेब मागावा. चौकशीला एकट्याला पाठवू नये. विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावा. आणि कोणी खोटी शेगडी आणून दिली तर ती गोड बोलून परत करावी; कारण कागदावर एकदा विभागलेले घर पुढे कागदावरच विभागलेले राहील, याची हमी कोणी देऊ शकत नाही.